सिस्टरच्या वाट्याची वीस मिनिटं

मनोरुग्णालयातला ६० खाटांचा बायकांचा वॉर्ड समजा. ड्युटी लिस्टवर परिचारिका १२, म्हणजे पाच रुग्णांमागे एक. ऐकायला बरं वाटतं. आता त्रैराशिक मांडू.

वर्षाचे दिवस ३६५, दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे वर्षाला १,०९५ पाळ्या भरायच्या. एका परिचारिकेच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, त्यात सणवार, किरकोळ रजा आणि आजारपणाचे मिळून ४८ दिवस धरले, तर ती वर्षातले २६५ दिवस ड्युटीवर येते. बारा जणींचे मिळून ३,१८० दिवस झाले. त्यांना १,०९५ ने भागलं की उत्तर येतं २.९. कागदावरच्या बारा जणींपैकी एका पाळीला वॉर्डात सरासरी जेमतेम तिघी असतात. एकीच्या वाट्याला २१ रुग्ण. दिवसाची पाळी सात तासांची, म्हणजे ४२० मिनिटांची धरली तर एका रुग्णाच्या वाट्याला २० मिनिटं येतात.

हा कोण्या एका रुग्णालयाचा आकडा नाही, नुसता हिशेब आहे. पण तो कुठल्याही वॉर्डाला लावून बघता येतो. या वीस मिनिटांत गोळ्या देणं, त्या गिळल्या की गालात दाबून ठेवल्या हे बघणं, बीपी, ताप, आंघोळ, वेणीफणी, जेवण, केसपेपरवरच्या नोंदी आणि पाळी बदलताना ‘ओव्हर’ देणं-घेणं हे सगळं आलं. निम्मा वेळ यात गेला असं धरलं, तर बोलायला उरतात दहा मिनिटं. मनोरुग्णालयात परिचारिकेचं खरं काम बोलणं आणि बघणं हेच आहे. बाकीची कामं त्या कामाच्या आजूबाजूची.

या लेखातला प्रश्न त्या दहा मिनिटांचा आहे. ‘घरी कोणी मारतं का?’ हा प्रश्न सायकोसिस झालेल्या बाईला कोण विचारतं, कधी विचारतं आणि तिने दिलेलं उत्तर कोण खरं मानतं?

माणसं किती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक अ‍ॅटलासमध्ये भारतात मानसिक आरोग्याचं काम करणारे सगळे मिळून दर लाख लोकसंख्येमागे १.९३ होते. त्यात मनोविकारतज्ज्ञ ०.२९, परिचारिका ०.८०, मानसशास्त्रज्ञ ०.०७ आणि सामाजिक कार्यकर्ते ०.०६. याच संघटनेच्या २०२० च्या अ‍ॅटलासमध्ये जगाचा मध्यांक दर लाखामागे १३ होता. मनोविकारतज्ज्ञांची संख्या नंतर वाढली. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत ती लाखामागे ०.७५ दिली आहे. चर्चाही बहुतेक वेळा त्याच आकड्याची होते. पण वरची यादी पुन्हा पाहिली तर दिसतं की आपल्याकडच्या तुटपुंज्या मनुष्यबळातही सर्वांत मोठा वाटा परिचारिकांचाच आहे. डॉक्टरांचा राउंड अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. उरलेले तेवीस तास वॉर्ड सिस्टरच्या हाती असतो.

महाराष्ट्रात चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मंजूर खाटा येरवड्याला २,५४०, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५, एकूण ५,६९५. मानसिक आरोग्याच्या जुन्या कायद्याखाली १९९० साली झालेल्या नियमांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं प्रमाण होतं. ते या खाटांना लावलं तर जवळजवळ १,९०० परिचारिका लागतील. आपल्या ६० खाटांच्या वॉर्डाला २० मिळतील, आणि रुग्णामागची मिनिटं वीसवरून चौतीसवर जातील. चौदा मिनिटांचा फरक. तेवढ्यात एक बाई रडून मोकळी होऊ शकते.

परिचारिका म्हणजे कोण, हेही पाहायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सर्वसाधारण नर्सिंगची पदविका किंवा पदवी असलेली आणि नोंदणी झालेली व्यक्तीही ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ठरते. मनोविकार नर्सिंगचं वेगळं शिक्षण असलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे काल शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ड्रेसिंग करणारी सिस्टर बदली होऊन आज ‘माझ्या डोक्यात मशीन बसवलंय’ म्हणणाऱ्या बाईसमोर उभी असू शकते. ती कष्टाळू असते, हुशार असते. पण या बाईशी काय बोलायचं, हे तिला बहुतेक वेळा तिच्या आधीच्या सिस्टरकडून ऐकूनच शिकावं लागतं.

आजार किती

बंगळूरुच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपल्याला देशाच्या आकड्यांवरून अंदाज बांधावा लागतो. सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी सायकोसिसचा आजार झाला होता, आणि ०.४ टक्के लोक सर्वेक्षणाच्या वेळी आजारी होते. अशा आजारात उपचारांबाहेर राहिलेल्यांचं प्रमाण ७५.५ टक्के निघालं.

हे तालुक्याच्या मापाने बघू. एक लाख प्रौढ असलेला तालुका घेतला तर आज सायकोसिसने आजारी असलेले सुमारे ४०० जण तिथे असतील. त्यातले ३०० उपचारांविना. कोणी देवऋषाकडे नेलेला, कोणी मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेला, कोणी एसटी स्टँडवर. वॉर्डापर्यंत जी येते ती उरलेल्या शंभरांतली.

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेला धागा सुटणं. कानात आवाज येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी खात्री पटते, बोलण्याची संगती तुटते. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत परिचित आजार. औषधांनी फरक पडतो आणि तो मोजलेला आहे. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. औषधाऐवजी नुसती निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होतं. म्हणजे घरी गेल्यावर गोळी चालू राहते की नाही, यावर बाई पुन्हा वॉर्डात येणार की नाही हे बरंचसं ठरतं. आणि गोळी घरात कोणाच्या हातात असते, हा प्रश्न आपल्याला दुसऱ्या आकड्यांकडे नेतो.

मार किती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या, कधीतरी लग्न झालेल्या स्त्रियांना नवऱ्याने केलेल्या हिंसेबद्दल विचारतात. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत देशात अशी हिंसा सोसलेल्या स्त्रिया ३१.२ टक्के होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत २९.३ टक्के. देशाचा आकडा किंचित उतरला. महाराष्ट्राचा मात्र २१.३ वरून २५.२ वर चढला. चौघींतली एक.

वाढलेला आकडा म्हणजे वाढलेली मारहाणच, असं लगेच म्हणता येणार नाही. बायका मोकळेपणाने सांगू लागल्या तरी आकडा वाढतो. पण त्याच पाहणीचा दुसरा आकडा बघा: शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्याही बहुतेक माहेरी गेल्या. डॉक्टर-नर्सपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या.

हे आकडे कसे मिळाले, यातही शिकण्यासारखं आहे. या पाहणीचा कडक नियम असा, की हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचे आणि ती एकटी असेल तेव्हाच. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. नवरा उंबऱ्यावर उभा असताना विचारून मिळालेलं उत्तर कामाचं नसतं, हे आकडे गोळा करणाऱ्यांनी मान्य केलं आहे. आपल्या रुग्णालयांत मात्र केसपेपरवर ‘माहिती देणारा: पती’ असं लिहून तिची सगळी हकिकत त्याच्याच तोंडून उतरवली जाते आणि ती बाकावर शेजारी बसून ऐकते.

दोन्ही आकडे जिथे भेटतात

सायकोसिस आणि घरातली हिंसा हे दोन वेगळे विभाग, दोन वेगळी खाती असं आपण धरून चालतो. पण बाई एकच असते. लंडनमध्ये गंभीर मानसिक आजाराचे ३०३ रुग्ण घेऊन झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मागच्या एका वर्षात घरगुती हिंसा सोसलेल्या स्त्रिया २७ टक्के निघाल्या. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ९ टक्के होतं. पुरुष रुग्णांतही ते १३ टक्के होतं, बाहेर ५ टक्के. ‘वेडा माणूस अंगावर येतो’ अशी आपल्याकडची समजूत आहे. आकडे सांगतात की त्याच्याच अंगावर जाणारे जास्त असतात.

लंडनचा आकडा लासलगावला लावता येत नाही, हे खरं. म्हणून दक्षिण भारतातल्या एका सरकारी मनोरुग्णालयातला, २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहू. गंभीर मानसिक आजारासाठी भरती झालेल्या १४६ स्त्रियांपैकी ५० जणींनी, म्हणजे ३४ टक्के स्त्रियांनी, लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. जबरदस्ती करणाऱ्यांत सर्वाधिक नवरे होते. आणि त्या ५० जणींपैकी ३० जणींनी तोपर्यंत हे कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या वॉर्डात होत्या, रोज डॉक्टर-सिस्टर भेटत होते, तरीही. अभ्यासासाठी कोणीतरी मुद्दाम बसून विचारलं, तेव्हा त्या बोलल्या.

‘तो जेवणात काहीतरी घालतो’

आता एकीला जवळून बघू. ही बाई काल्पनिक आहे. पण मनोविकाराच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला ती ओळखीची वाटेल. वय ३४. भरती होऊन चार दिवस झालेत. ताट पुढे आलं की ती ते सरकवते. म्हणते, “तो जेवणात काहीतरी घालतो. इथेपण त्याची माणसं आहेत.”

वॉर्डात शिकवलेली पहिली गोष्ट अशी, की भ्रमाशी वाद घालायचा नाही. “असं काही नाही हो ताई, जेवा बघू गुपचूप,” म्हटलं की सिस्टरही त्याच्याच माणसांत जमा होते. होला हो करायचं नाही, ही दुसरी गोष्ट. “हो, घालतो खरा,” म्हटलं की भ्रमाला टेकू मिळतो. मग करायचं काय? तिच्या भीतीला उत्तर द्यायचं. “तुम्हाला जेवायची भीती वाटतेय हे दिसतंय मला. केळं खाल का? तुम्हीच सोला.” सालासकट केळं, टरफलासकट उकडलेलं अंडं, न फोडलेला बिस्किटांचा पुडा. यात कोणी काही घालू शकत नाही हे तिचं तिलाच दिसतं. दोन दिवस केळ्या-बिस्किटांवर जातात, औषध हळूहळू लागू पडतं आणि एका दुपारी ती ताटातला भात कालवते. हे कौशल्य कुठल्याही यंत्रात नाही आणि त्याला खर्च आहे एका केळ्याचा. वेळ मात्र लागतो.

पण खरी अडचण इथून पुढे आहे. घरगुती हिंसा सोसलेल्या स्त्रीशी बोलताना जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आधाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकून घ्या, तिची गरज विचारा, तिच्यावर विश्वास असल्याचं तिला कळू द्या, तिची सुरक्षितता वाढवा, पुढच्या मदतीशी जोडून द्या. यातली तिसरी पायरी विश्वासाची. सायकोसिसमध्ये मात्र बोलण्यातल्या मजकुरावर विश्वास दाखवायचा नसतो. मग ‘नवरा विष घालतो’ या एका वाक्याचं काय करायचं? तो भ्रम असेल. तिला गुपचूप गोळ्या कालवून दिल्या जात असतील, तसं आपल्याकडे घरोघरी चालतं. किंवा भ्रम आणि छळ दोन्ही असतील: रोज मारणाऱ्या माणसाबद्दलची खरी भीती आजारपणात विषाचं रूप घेऊन आली असेल.

चांगली सिस्टर इथे घाईने निकाल देत नाही. आंघोळीच्या वेळी पाठीवरचे, दंडावरचे वळ बघते. कोणते ताजे, कोणते जुने. भेटीच्या दिवशी नवरा आला की ही गप्प होते का, आणि भाऊ आला की बोलते का, ते टिपते. आवाज कमी झाल्यावर, आठ-दहा दिवसांनी, एकटीला गाठून पुन्हा विचारते. भ्रम औषधाने विरतो. वळ कोणी दिले याचं उत्तर बदलत नाही. आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवते. ‘रुग्ण संशयी आहे’ असं लिहिलं तर तो निकाल झाला. ‘रुग्ण म्हणते, दिवाळीच्या आधी त्याने हात पिरगळला, डाव्या मनगटावर सूज’ ही नोंद झाली. पुढे कधी प्रकरण कोर्टात गेलं, तर पहिल्या वाक्याचा उपयोग नवऱ्याला होईल आणि दुसऱ्याचा तिला.

या सगळ्याला दहा मिनिटं पुरत नाहीत.

कायदा काय म्हणतो

२९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा या हिशेबात तिच्या बाजूने बराच उभा आहे. तिच्या मर्जीविना भरती करायची तर कलम ८९ प्रमाणे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत ३० दिवस. अशी भरती पुरुषाची असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवायचं. स्त्रीची असेल तर ३ दिवसांत. कायदा करणाऱ्यांना धोका कोणाला जास्त आहे हे माहीत होतं, असं या दोन आकड्यांवरून दिसतं.

दुसरी तरतूद नामनिर्देशित प्रतिनिधीची. कलम १४ प्रमाणे कोणीही प्रौढ व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते आणि बदलूही शकते. तिने नेमला नसेल तर नातेवाईक पुढे येतो, आणि व्यवहारात हा नातेवाईक बहुधा नवराच असतो. बहीण किंवा आई हवी असेल तर तसं लिहून देता येतं, हे तिला कोणीतरी सांगावं लागतं.

तिसरं कलम ९७. रुग्णाला बांधून ठेवणं फक्त तातडीचा धोका टाळायला, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि लागेल तेवढाच वेळ. त्यात एक स्पष्ट वाक्य आहे: कर्मचारी कमी आहेत, एवढ्याच कारणावरून बांधता येणार नाही. कायद्याने सांगितलं ते बरोबर. पण रात्रपाळीला साठ जणींमागे एक सिस्टर आणि एक मावशी असतील, आणि दोघी जणी एकाच वेळी बिथरल्या, तर कायदा मोडल्याचा दोष शेवटी कोणाच्या नावावर चढतो? ज्या पदांची भरती झाली नाही त्यांच्या नावावर नक्कीच नाही.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे हिंसा सोसलेल्या स्त्रीला वैद्यकीय मदत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे आणि कायद्याखालच्या नियमांनुसार तिने आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून ती नाकारता येत नाही. शिव्या, हिणवणं, पैसे न देणं हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे. ‘तू वेडी आहेस, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?’ हे वाक्य त्यात बसतं. ओपीडीला जायला बसभाडं न देणंही बसतं.

डिस्चार्जच्या दिवशी

देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून २०१९ साली हंस फाउंडेशनने अहवाल दिला. एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ तिथेच राहत असलेले ४,९३५ जण निघाले. राहणाऱ्यांपैकी ३६.२५ टक्के. त्यात बायका निम्म्याहून जास्त. त्यांना बाहेर नेणारं घर उरलेलं नव्हतं. बऱ्या झालेल्या रुग्णांना वर्षानुवर्षं आत ठेवल्याचा प्रश्न महाराष्ट्रातही मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे.

पण जिला न्यायला कोणी येत नाही तिची चिंता करताना, जिला न्यायला येतात तिच्याकडे बघायचं राहून जातं. डिस्चार्जच्या दिवशी नवरा येतो. सिस्टर त्याला गोळ्यांची पाकिटं दाखवते: ही सकाळी, ही रात्री, ही बंद करायची नाही, पुढची तारीख अमुक. सगळं त्याला समजावून सांगितलं जातं, कारण गोळ्या तोच देणार आहे. म्हणजेच तोच बंदही करू शकतो. लॅन्सेटमधले २७ आणि ६४ हे दोन आकडे त्याच्या हातात जातात. बाई पिशवी घेऊन दाराशी उभी असते. ‘घरी जायची भीती वाटते का?’ हा प्रश्न आता विचारून उपयोग नसतो. तो आदल्या दिवशीच विचारायला हवा होता.

हे जमतं, याचा पुरावा मुंबईत आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसा सोसून आलेल्या बाईला ओळखायचं कसं आणि तिच्याशी बोलायचं कसं, याचं शिक्षण तिथे रुग्णालयातल्याच डॉक्टर-परिचारिकांना दिलं गेलं, आणि पुढे हे काम पालिकेच्या इतर रुग्णालयांत पोचलं. हाडं जोडणाऱ्या ओपीडीत जे विचारता येतं, ते मनोविकाराच्या वॉर्डात विचारायला काय हरकत आहे?

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. मंजूर पदं भरणं ही पहिली. त्याला पर्याय नाही. गोळ्यांचा साठा मोजणं, रजिस्टरं भरणं, रिपोर्ट आणायला धावणं ही कामं सिस्टरच्या अंगावरून काढून फार्मासिस्ट, लिपिक आणि कक्षसेवकांकडे देणं ही दुसरी. वॉर्डाच्या टोकाला दोन खुर्च्या मावतील एवढा पडद्याआडचा कोपरा ही तिसरी. आणि चौथी गोष्ट छापखान्यातली. रुग्णालयाच्या मासिक अहवालात खाटा, ओपीडी, भरती आणि डिस्चार्ज मोजतात. त्यात एक रकाना वाढवायचा: या महिन्यात घरी गेलेल्या किती बायकांना, एकटीला बसवून, घरच्या त्रासाबद्दल विचारलं?

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी तिथे शून्य भरावं लागेल. पण सरकारी रकान्याचं एक असतं, तो सलग तीन महिने शून्य राहिला की वरून विचारणा येते. विचारणा आली की मेट्रनला उत्तर द्यावं लागतं: “सिस्टर तीनच आहेत, साहेब. विचारणार कधी?” आणि ते उत्तर फाइलमध्ये जातं.